माझ्याकडे ठेवलेली हाक

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. रंगाने काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. माझी केबल सैल झाली आहे म्हणून तिला रबर बँड गुंडाळला आहे. माझ्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवरचे गटाचे नाव आता कुणालाच वाचता येत नाही. मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलेत तर तुम्हाला हा एक मुका डबा वाटेल, आणि त्यात तुमचे काही चुकणार नाही. पण माझ्यात एकदा एका माणसाचा आवाज राहत होता. तो माझ्याकडे कसा आला आणि कसा गेला, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या कणालाही आत यायची परवानगी नव्हती. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी पुढेमागे होते. ही दांडी चकतीला कधी टेकत नाही, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून ती तरंगत जाते. चकतीवर डोळ्यांना न दिसणारे चुंबकाचे ठिपके असतात. चित्र असो, गाणे असो, माझ्या लेखी सारे ठिपकेच. कोणती फाईल कोणत्या ठिपक्यांत ठेवली आहे याची एक अनुक्रमणिका मी वेगळी जपते. ही अनुक्रमणिका लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळे तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान कॉलेजात मी आले. तिथे मुलांना ॲनिमेशन शिकवत. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण खिडकी बहुधा बंदच असायची, कारण खारे वारे यंत्रांचे सांधे खातात. माझ्या केबलचे टोक पहिल्याच वर्षी हिरवट पडले. नेट कधी असे, कधी नसे, आणि ॲनिमेशनच्या फायली तर भलत्याच अवजड. म्हणून सरांनी प्रत्येक गटाला एक हार्ड डिस्क दिली होती. गटातली मुले ती आळीपाळीने वापरत.

मी ज्या गटाला मिळाले त्यात तिघे होते. नागावची प्रणाली चित्रे हलती करायची. तिच्या घरी पर्यटकांना खोल्या देत, त्यामुळे दहा माणसांशी एकाच वेळी बोलण्याची तिला सवय होती. आगरदांड्याची अफरीन पार्श्वभूमी रंगवायची आणि आवाजाचे काम बघायची. तिसरा कुलदीप. तो डोंगराकडच्या, भातशेतीच्या गावातला. फिल्म जोडण्याचे काम त्याचे, आणि मला नीट लावून ठेवण्याचेही त्याचेच.

सुरुवातीला मात्र मला कुणीच लावलेले नव्हते. प्रणाली फायलींना मनाला येईल ते नाव द्यायची. 'फायनल', मग 'फायनल खरंच', मग 'फायनल शप्पथ'.

"यातली खरी कुठली?" कुलदीप विचारायचा.

"शप्पथवाली."

"शप्पथा दोन आहेत, प्रणाली."

"मग मोठी शप्पथ बघ ना यार. जास्त केबीवाली!"

एकदा असे झाले, की एकाच दृश्याच्या दोन प्रती माझ्यात होत्या. अफरीनने एक रंगवली आणि प्रणालीने दुसरीत होडीची चाल बदलली. जोडायला घेतले तर रंग होता तिथे होडी अडखळत होती, आणि होडी नीट होती तिथे रंग नव्हता. अफरीनने केलेले काम वाया गेले. ती रडकुंडीला आली. प्रणालीने तिला वडापाव खाऊ घातला, पण रंग काही परत आला नाही.

त्या दिवशी कुलदीप मला घेऊन बसला. "आमच्याकडं एकाच खळ्यावर तीन घरांची झोडणी होते," तो म्हणाला. "ज्याची त्याची जागा ठरलेली. न्हायतर याचं भात त्याच्या कणगीत. आपणपण तसंच करायचं. एक वस्तू, एक जागा. दुसरी प्रत कुणी ठेवायची न्हाय."

त्याने माझ्यात चार फोल्डर केले. गोष्ट, चित्रे, आवाज आणि जोडणी. प्रत्येक फाईलच्या नावात आधी दृश्याचा क्रमांक, मग काम करणाऱ्याचे नाव, मग कितवी खेप. ज्याच्याकडे मी असेन त्यानेच फायली बदलायच्या. मला तेव्हा किती बरे वाटले म्हणून सांगू! कुणी काही मागितले की माझी दांडी थेट तिथे जाऊन थांबायची. सरांनी मला वर उचलून दुसऱ्या गटांना दाखवले. "काम असं ठेवायचं असतं," ते म्हणाले. कुलदीपचे कान लाल झाले. माझे कौतुक झाले असा तो एकच प्रसंग.

त्यांची फिल्म अफरीनच्या आजोबांवर होती. वलीनाना पूर्वी आगरदांडा ते दिघी चालणाऱ्या लाँचचे तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारे, होते. गाड्या नेणारी मोठी फेरीबोट तेव्हा आलेली नव्हती. थंडीच्या दिवसांत सकाळी खाडीवर दाट धुके उतरायचे आणि धक्का दिसेनासा व्हायचा. मग नाना इंजिन बंद करायचे आणि हाक मारायचे, "बानूऽऽ, हाय का गो?" धक्क्यावर त्यांची बायको, शहरबानू, न्याहारीचा डबा घेऊन उभी असायची. ती उत्तर द्यायची, "हाय, हाय! इकडं!" आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला नाना सुकाणू वळवायचे. लाँचमधली माणसे हसायची, म्हणायची, तांडेलाला बायकोने दोरी बांधली आहे. पण धक्का कधी चुकला नाही.

फिल्मचे काम अर्ध्यावर असताना नानांचा घसा बसला. सगळ्यांना वाटले, थंडीने असेल. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

नानांनी अफरीनला बोलावून घेतले. "तुझ्या पिक्चरसाठी जेवढा हाय तेवढा काढून घे. मागनं येशील त न्हाय मिळायचा."

अफरीनने कॉलेजचा रेकॉर्डर नेला. घरात पंखा बंद केला, कोंबड्या मागच्या दारी हाकलल्या. हे सारे मला त्या रेकॉर्डिंगमध्येच ऐकू आले. मधेच भांडी वाजतात आणि अफरीन वैतागून म्हणते, "नानी, जरा भांडी थांबव ना!" आतून शहरबानू नानी म्हणते, "मग जेवायला काय रेकॉर्डिंग वाढू?" नाना हसतात, हसता हसता खोकतात. मग लाँचच्या गोष्टी सांगतात. शेवटी ती हाक. आवाज घोगरा झाला होता, पण हाक मारताना त्यांनी कुठूनसा जोर आणला. बानूऽऽ.

नानांचा दुसरा आवाज कुणाकडे नव्हता. फोनवर निरोप बोलून पाठवायचा त्यांना राग यायचा. समोर माणूस नाही तर बोलायचे कुणाशी, असे ते म्हणत. अफरीनच्या मामाच्या लग्नाच्या व्हिडिओत ते आहेत, पण तिथे बँडच्या गोंगाटात त्यांचे नुसते ओठ हलतात.

अफरीनने तो आवाज माझ्या आवाज फोल्डरमध्ये ठेवला. तिच्या लॅपटॉपवर एक प्रत होती.

"ही काढू?" तिने विचारले.

"नियम तो नियम," कुलदीप म्हणाला. "न्हायतर परत शप्पथा सुरू."

तिने ती प्रत काढून टाकली. रेकॉर्डर कॉलेजला परत गेला आणि दुसऱ्या गटाच्या कामासाठी रिकामा झाला. आता नानांचा आवाज या जगात दोनच ठिकाणी होता, त्यांच्या गळ्यात आणि माझ्या चकतीवर.

मग नाना मांडव्याच्या बोटीने मुंबईला गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यावर पांढरा रुमाल होता. आता ते हाक मारायची असली की बोटातली अंगठी दाराच्या चौकटीवर आपटतात. टक् टक्. नानी आतून म्हणते, "हाय, हाय." अफरीनने हे लॅबमध्ये सांगितले तेव्हा प्रणाली उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

कॉलेजला फिल्म द्यायची तारीख आली तेव्हा अफरीन नानांबरोबर इस्पितळातून नुकतीच परतली होती. नानांच्या आवाजाला कात्री लावणे तिला जमेना. सरांनी कच्ची फिल्म चालेल म्हणून सांगितले. अर्ध्या चित्रांना रंग नव्हता, आणि नानांच्या जागी प्रणालीने आवाज जाड करून बोलून दिले. गटाने ठरवले, सुट्टीत फिल्म पुरी करायची, नानांचा आवाज घालायचा आणि ती पहिल्यांदा त्यांच्याच ओटीवर दाखवायची. नाना पाटीवर लिहून विचारत, "कधी दाखवणार?" अफरीन म्हणायची, "सुट्टी लागू दे."

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझी गती मंदावते.

वर्ष संपले. मला पुढच्या गटाकडे द्यायचे होते. अफरीनने नानांची हाक जोडणीत नुकतीच बसवली होती. सुट्टीत काम करायचे म्हणून कुलदीपने जोडणीचे फोल्डर आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. चित्रे सुट्टीत पुरी करायची म्हणून प्रणालीने आपल्या संगणकावर उतरवली. जोडणीची फाईल उघडली की सगळी फिल्म एका ओळीत दिसायची, चित्रे वर, आवाज खाली. म्हणून त्याला वाटले, सगळे त्या फाईलच्या आतच आहे.

पण तसे नसते. जोडणीच्या फाईलमध्ये चित्र नसते आणि आवाजही नसतो. तिच्यात फक्त पत्ते असतात. अमुक चित्र तिथून आण, तमुक आवाज तिथून आण. आणि त्या हाकेचा पत्ता मी होते.

"एवढी पिक्चर एवढ्याशा फाईलमध्ये?" प्रणालीने विचारले. तिच्या डोक्यात शंका आली होती. बरोबर शंका होती.

"बघ मग," कुलदीप म्हणाला, आणि त्याने लॅपटॉपवरची प्रत उघडून दाखवली. धुके आले, होडी आली आणि नानांची हाक खणखणीत ऐकू आली. तिघांनी समाधानाने एकमेकांकडे पाहिले. कुणाच्या ध्यानात आले नाही की माझी केबल अजून त्या लॅपटॉपलाच लावलेली होती. हाक माझ्यातून येत होती. मी आहे म्हणून प्रत बोलत होती.

खरे तर मला तशीच देऊन टाकली असती तरी चालले असते. सरांनी रिकामी करून द्या असे म्हटले नव्हते. पण कुलदीपच्या गावात आपली झोडणी आटोपली की खळे झाडून, शेणाने सारवून मग दुसऱ्या घराला देतात. घाणेरडे खळे देणाऱ्याला नावे ठेवतात. कुलदीपला तीच शिकवण. त्याने फडक्याने माझे अंग पुसले, रबर बँड नवा लावला, आणि मला आतूनही झाडून काढले. एक बटण, आणि पडद्यावर मी कोरी दिसू लागले.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. अशा झटपट पुसण्याने माझ्या चकत्या कोऱ्या होत नाहीत. फक्त अनुक्रमणिका जाते. ठिपके जिथल्या तिथे असतात. नानांचा आवाज माझ्यात होता, पुरा होता, खोकल्यासकट होता. फक्त तो कुठे आहे हे मला सांगता येत नव्हते. कुणी त्या वेळी मला बाजूला ठेवले असते, माझ्यावर नवे काही लिहिले नसते, तर तो परत मिळाला असता.

पण मी चिरागच्या गटाला मिळाले. हसरी, उत्साही मुले. सुट्टीतल्या शिबिरासाठी त्यांना अंतराळयानाची फिल्म करायची होती. त्यांनी माझ्यात ग्रह ओतले, स्फोट ओतले, धुराचे लोट ओतले. त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांना माझी जागा मोकळी दिसत होती. रोज माझी दांडी नानांच्या आवाजावर जाऊन उभी राहायची आणि त्याच ठिपक्यांवर दुसरे काही लिहायची. लाँचच्या गोष्टी गेल्या. हसणे गेले. एका दुपारी एक ग्रह फुटताना दाखवायचा होता, त्याच्या धुराखाली ती हाक गेली. मला ते कळत होते. मला थांबता येत नव्हते. लिही म्हटले की लिहायचे, यासाठीच मला घडवले आहे.

त्यानंतर एक दिवस लॅबचे दार उघडले आणि तिघे आत आले. कुलदीपने माझ्याकडे पाहिले आणि माझ्यात काय काय भरले आहे ते पाहून तो खुर्चीत बसला. आदल्या दिवशी आगरदांड्याला अफरीनच्या घरी त्यांनी प्रणालीची पुरी झालेली चित्रे घालून लॅपटॉप उघडला होता. नाना नवा सदरा घालून समोर बसले होते. होडी धुक्यातून आली, नानांच्या चित्राने तोंड उघडले आणि आवाजाच्या जागी पडद्यावर फक्त 'फाईल सापडत नाही' असे आले.

अफरीन कुलदीपसमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तू खळं झाडून दिलंस ना, कुलदीप? माझ्या नानांना झाडून दिलंस."

कुलदीपने मान वर केली नाही. "अफरीन, तो काय मुद्दाम..." प्रणाली बोलू लागली.

"गप बस तू. माझी प्रत मी याच्या नियमापायी काढली."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. नियमही वाईट नव्हता. काम करताना एक वस्तू एकाच जागी हवी, हे खरे. पण जपून ठेवताना ती दोन जागी हवी, हे कुणीच त्यांना सांगितले नव्हते. चिरागने लगेच आपल्या फायली दुसरीकडे हलवल्या, माझ्यावर आणखी काही लिहिले जाऊ नये म्हणून सरांनी मला वेगळे ठेवले आणि पुसलेल्या गोष्टी शोधणारा एक प्रोग्रॅम लावला. मी जीव तोडून शोधले. ग्रहांच्या आणि धुराच्या फटींतून एकेक ठिपका उचलून दिला. खूपसे मिळाले ते नुसते खरखर होते.

शेवटी एक तुकडा निघाला. हाक नव्हे, गोष्ट नव्हे. दोन गोष्टींच्या मधला, एरवी कापून टाकला असता असा तुकडा. नाना घसा खाकरतात आणि आतल्या बाजूला वळून म्हणतात, "बानू, पानी दे गो."

बस. एवढेच.

अफरीनने तो कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून कुलदीपपुढे धरला. तो घ्यायला धजत नव्हता. "घे," ती म्हणाली. "तुलाच जपायचंय ते आता."

माझी दांडी त्या शोधाशोधीत थकली. आता चकत्या फिरताना खर्रखर्र असा आवाज येतो. सरांनी तो तुकडा माझ्यातच ठेवून मला कॉलेजच्या कामातून काढले आणि अफरीनला देऊन टाकले. तिघे मला घेऊन आगरदांड्याला गेले. फिल्म त्यांनी पुरी केली होती. होडी धुक्यातून येते, नाना तोंड उघडतात आणि काहीच ऐकू येत नाही. मग धक्क्यावरून नानीचा खराखुरा आवाज येतो, "हाय, हाय! इकडं!" तो त्यांनी आता तिच्याकडून बोलून घेतला होता.

पण नानांना तो तुकडाही ऐकवायचा होता. ओटीवर कुलदीपने मला लॅपटॉपला जोडले, तो तुकडा उतरवून घेतला, अफरीनच्या फोनवर घातला, प्रणालीच्या पेन ड्राइव्हवर घातला. प्रणाली म्हणाली, "बास कर, आता काय कोंबड्यांच्या गळ्यात बांधतोस?" कुणी हसले नाही, कुलदीप तर नाहीच. मग त्याने जे केले ते त्याने त्या दिवशी लॅबमध्ये करायला हवे होते. त्याने माझी केबल उपसली. मला ओटीच्या कट्ट्यावर, सगळ्यांपासून दूर ठेवले आणि तो लॅपटॉप घेऊन नाना-नानी बसले होते त्या माजघरात गेला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या कामाची प्रत काढाल तेव्हा आधी मूळ वस्तू बाजूला काढा आणि मग प्रत उघडून बघा. माझ्यासारखीला उपसून ठेवायला संकोच करू नका. मी नसताना जे वाजते, तेवढेच तुमचे वाचले. आणि चुकून काही पुसलेत तर त्या जागेवर नवे काही लिहू नका; थांबा, विचारा. तोवर ते तिथेच असते, तुमची वाट बघत.

मी कट्ट्यावर पडून होते. केबल नव्हती, चकत्या थांबल्या होत्या. लॅपटॉपचा आवाज बारीक, आत काय वाजले ते मला ऐकू आले नाही. वाजले की नाही, हेही कळेना.

मग माजघरात बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी लगबगीने उठले. माठाचे झाकण सरकले, आणि पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.

"हाय, हाय," नानी म्हणत होती. "आनते."